उंबऱ्यावरचं आठवं बोट

पुनम, तो मोबाईल आता पालथा घाल. पाहिला मी फोटो. सगळे विमानाच्या दारात दात काढून उभे, मागे हॉटेलची पाटी. झकास आलाय. फक्त एक विचारतो, उभं राहायला तुम्हाला तेवढं दारच सापडलं का? आत जायचं, डोसा खायचा, बाहेर यायचं. त्या दारात थांबायचं नाही.

हसा. जळगावच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हसायला काय जातं! आज आखाजी आहे, रस-पोळीनं डोळे जड झालेत, गच्चीवर वारा आहे, तरी मला काही झोप लागायची नाही. संध्याकाळी प्रेमराजच्या घरून आलो, तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. का, ते शेवटी सांगतो. मध्ये कुणी उठायचं नाही. आणि खाली जाऊन आजीला सांगायचं नाही, की रुपचंद आबा पोरांना घाबरवत होता.

प्रेमराज माझा चुलतभाऊ. पुनम, तुझी पहिली सायकल त्यानंच रंगवून दिली होती. इथं पारोळ्याला हायवेवर त्याचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर, जळगाव-धुळे गाडीवर, त्यामुळे जाता-येता रोज त्याला हात करायचो. आमच्या घरांची तोंडं समोरासमोर, मध्ये फक्त गल्ली. आता सांगतो त्यातलं अर्धं त्यानं मला गेल्या आखाजीच्या दिवशी, सकाळी सहा वाजता सांगितलं. उरलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

सुरुवात अगदी साधी आहे. प्रेमराज घागर आणायला गेला.

गेल्या वर्षीची गोष्ट, नऊ मे दोन हजार चोवीस, गुरुवार. दुसऱ्या दिवशी आखाजी, पंचांगातली अक्षय्य तृतीया. तुम्ही पोरं आखाजी म्हटलं की झोके आणि रस एवढंच ओळखता, म्हणून सांगतो. त्या दिवशी आपण पितरांची घागर भरतो. नवी कोरी घागर, वर डांगर, म्हणजे तुमचं खरबूज. घरातला कर्ता माणूस उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतो आणि प्रत्येक बोटाला एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेतो. नाव घेतलं, पाणी दिलं, की तो माणूस वर्षभरासाठी निवला. आणि घरात कुणी नव्यानं गेलं असेल, तर त्याची घागर वेगळी.

झिपरू कुंभाराकडे प्रेमराजनं दोन घागरी मागितल्या.

"दोन कसाले रे भो?" झिपरू म्हणाला. "तुन्या घरमा तं एकच लागस."

"यंदा दोन दे."

झिपरूनं बोटानं वाजवून दोन घागरी पारखून दिल्या आणि मान खाली घातली. कारण गावात सगळ्यांना माहीत होतं, की प्रेमराजचा मुलगा गोकुळ आठ वर्षांपूर्वी केळीचा ट्रक घेऊन दिल्लीकडे गेला, तो परत आला नाही. ट्रक सापडला, ग्वाल्हेरच्या पुढं, रस्त्याच्या कडेला नीट लावलेला. किल्ली जागेवर, केबिनच्या पायरीखाली त्याच्या चपला. गोकुळ नाही. रक्ताचा थेंब नाही, फोन नाही, काही नाही. पोलीस झाले, नवस झाले, तीन वेळा प्रेमराज स्वतः जाऊन आला.

पहिल्या आखाजीला तानुबाई, त्याची बायको, उंबऱ्यात आडवी बसली होती. "गोकुळनं नाव लेवानं नही. मना पोऱ्या जित्ता शे." झालं. त्यानंतर दरवर्षी तीन बोटं निघायची. प्रेमराजचा बाप, आई आणि थोरला भाऊ. चौथ्या जागी हात थांबायचा.

आणि घरात सून होती, दीपमाला. गोकुळ गेला तेव्हा बावीस वर्षांची. कपाळाला कुंकू, गळ्यात पोत, आणि दार वाजलं की हातातलं काम टाकून उठायची. तिचा भाऊ मुक्ताईनगरला राहतो. दरवर्षी आखाजीला न्यायला यायचा. गेल्या वर्षी आखाजीआधीच येऊन तो प्रेमराजला हात जोडून म्हणाला होता, "आबा, तिचं वय चाललं. एक चांगलं स्थळ आहे. तो आहे म्हणा, ती थांबेल. नाही म्हणा, मी तिला घेऊन जातो. पण यंदा काहीतरी एक सांगा."

काय सांगणार बाप? जिवंत म्हटलं तर सुनेचं आयुष्य जातं. मेला म्हटलं तर मुलगा जातो. दोन्ही त्याच्याच तोंडानं.

म्हणून दोन घागरी घरात आल्या, तेव्हा तानुबाईनं चुलीपुढूनच विचारलं, "हाई दुसरी कोनी?"

"विमाननी शे."

"विमाननं कोन मरनं?"

याचं उत्तर मी देतो, कारण इथून पुढं त्या विमानाबद्दल कळल्याशिवाय काही कळायचं नाही.

जळगावचे मदनलाल शेठ, कापडवाले, माणूस भला. त्यांनी कुठंतरी विमानातलं हॉटेल पाहिलं आणि डोक्यात घेतलं. नागपूरच्या पुढं एका बंद धावपट्टीवर जुनं पंख्याचं विमान तीस वर्षं उभं होतं, डाकोटा म्हणतात त्याला. चाकांत बोरी उगवल्या होत्या. ते तीन ट्रेलरवर घालून त्यांनी इथं आणलं आणि जोडलं. रंगाचं काम प्रेमराजकडे. उद्घाटन आखाजीला, मुहूर्त पाहायला नको म्हणून.

आता प्रेमराजची एक खोड होती. जुन्या रंगावर तो कधी रंग मारायचा नाही. टेम्पो असो, नाहीतर कुणाची बाराशे रुपयांची लूना, पत्रा उघडा पडेपर्यंत खरवडायचा. मी म्हणायचो, अरे, आत कोण पाहतंय? तो म्हणायचा, पत्रा पाहतोय. तर एप्रिलपासून त्यानं विमान खरवडायला घेतलं. तेही रात्री, कारण दिवसा आपलं ऊन, आणि ॲल्युमिनियमचा तवा झालेला. हात लावून दाखवा! रात्री दहाला हॅलोजन लावायचा, पहाटे घरी यायचा.

एकाखाली एक सात रंग निघाले.

सगळ्यात वर करडा, कुणा सिनेमावाल्यांचा. त्यांनी लढाईचा सिनेमा काढला आणि विमान तसंच टाकून दिलं. त्याखाली फिकट निळा. हा मालक दक्षिणेतला, बर्फाच्या पेट्यांतून कोळंबी न्यायचा. तो थर पाण्यानं घासताना मासळीचा वास यायचा, असं प्रेमराज शपथेवर सांगायचा, मी विश्वास ठेवला नाही. मग पिवळा. राजस्थानात टोळधाड आली, तेव्हा खुर्च्या काढून पोटात औषधाच्या टाक्या बसवल्या होत्या. त्याच्या आधी लाल पट्टे, रात्रीचं टपाल. त्याच्याही आधी गडद निळा, त्यावर पांढरा पक्षी. हे त्याचे सुखाचे दिवस. कलकत्त्याची कंपनी होती, चहामळ्यांचे साहेब जायचे त्यातून, खिडक्यांना पडदे होते. पक्षी खरवडताना प्रेमराजला दोन रात्री लागल्या, जीव होईना. त्याच्या खालचा पांढरा मात्र हातानं फासलेला, ब्रशचे केस अडकलेले. सत्तेचाळीस सालचा. माणसं वाहायला घाईनं विकत घेतलेलं, जिथं पंचवीस बसायची तिथं ऐंशी-ऐंशी उभी करून इकडची तिकडं, तिकडची इकडं. आणि अगदी तळाला पत्र्याला चिकटलेला हिरवा. लढाईचा. ब्रह्मदेशाच्या डोंगरांवर त्यातून सैन्यासाठी पोती फेकायचे.

सात रंग, सात मालक. सातबाऱ्यावर जुन्या मालकांची नावं कंस करून ठेवलेली असतात ना, तसंच होतं ते. कंस रंगाचा, एवढंच. आठवे मदनलाल शेठ.

एवढ्यावर असतं तर मी आज झोपलो असतो. पण दाराच्या चौकटीच्या आतल्या अंगाला, प्रत्येक रंगाच्या थरात, खिळ्यानं कोरलेलं एकेक नाव निघालं. लिपी प्रत्येकाची निराळी. प्रेमराजला चैन पडेना. त्यानं मोबाईलवर फोटो काढले आणि वाचून घेत फिरला. बंगाली नाव जळगावच्या सराफ बाजारातल्या बंगाली कारागिरानं वाचलं. तमिळ बोअरवेलच्या गाडीवरच्या पोरांनी वाचलं. उर्दू शाळेच्या मास्तरांनी तिसरं. इंग्रजी मी वाचलं, टॉमी. टॉमी, करीम, निताई, गणपत, भेरूसिंग, मुरुगन, बबन. सात.

मग त्यानं मदनलाल शेठना त्यांची खरेदीची फाईल उघडायला लावली. प्रत्येक विक्रीच्या आधी एक अपघाताचा कागद होता. टॉमी पोती ढकलता ढकलता त्यांच्याबरोबर गेला. करीम आत माणसं रेटताना दार निसटून गेला. गणपत टपालाची थैली घेताना शिडीवरून. पुढचेही तसेच. सगळे त्या दारात. आणि दरवेळी माणूस गेला, की मालकानं विमान विकलं. नव्या मालकानं रंग मारला. नाव झाकलं.

"ऐंशी वर्षांची वस्तू आहे, प्रेमराजभाऊ," शेठ म्हणाले. "एवढ्या वर्षांत कुठल्या घरात सात माणसं जात नाहीत?"

खरंच आहे ते. मीसुद्धा हेच म्हणालो असतो. प्रेमराजनं एवढंच मागितलं, की चौकटीचा आतला भाग उघडा ठेवू द्या. शेठनी हात जोडले. गिऱ्हाईक पोराबाळांना घेऊन जेवायला येणार, दारात मेलेल्यांची नावं वाचून आत कोण पाऊल टाकेल? मारून टाका रंग.

त्यानं हो म्हटलं. आणि तेच त्याला लागलं. आयुष्यभर पत्रा उघडा केलेला माणूस, तोसुद्धा आता झाकणाऱ्यांतला आठवा झाला. म्हणून दुसरी घागर. मी त्याला गल्लीत अडवून सांगितलं होतं, अरे, घागर घरच्या माणसाची भरतात. एकदा भरलीस, की तो तुझ्या घरचा झाला, मग त्याला दरवर्षी द्यावं लागतं. आणि तोही मग तुला घरचाच धरतो.

तो म्हणाला, "मना घरना एकले देवानं का नही, हाई आठ वरीसफाईन ठरत नही. या सातस्नं तं पक्कं शे ना, भो?"

त्याच्या मनात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मेलेल्यांना ठाऊक असतं, आपल्यात कोण आलंय. त्याला त्यांनाच विचारायचं होतं.

रात्री एक वाजता हाताखालचे दोघे गेले. दीड वाजता त्यानं चौकटीला लांबी भरली, कोरलेल्या रेघा बुजवल्या, वरून रंग मारला. एकेक नाव दिसेनासं झालं. मग कंप्रेसर बंद केला. पंचांगात तृतीया पहाटे चार सतराला लागत होती. तोवर थांबायचं. त्यानं हॅलोजन मालवला, कारण दिव्याला किडे येऊन ओल्या रंगाला चिकटतात, आणि दारापाशी आतच आडवा झाला.

तुम्ही पाहिलंत ना, ते विमान शेपटावर बसलेलं असतं. आतली जमीन चढाची. पुढं वैमानिकाच्या खोलीत काही पडलं, तर ते घरंगळत मागे दारापर्यंत येतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी एक नट घरंगळत आला.

हळू. थांबत, थांबत. त्याच्या उशाशी येऊन थांबला.

त्यानं टॉर्च मारला. पुढचं दार बंद होतं. संध्याकाळीच त्यानं स्वतः आतून-बाहेरून झाडून घेतलं होतं. नट हातात घेतला. गार होता. मे महिन्यात, त्या पत्र्याच्या पोटात, बर्फासारखा गार.

तो उठला आणि बाहेर येऊन लोखंडी जिन्यावर बसला. आत गेला नाही. चार सतरा झाले. दाराच्या पट्टीवर, म्हणजे त्या विमानाच्या उंबऱ्यावरच म्हणा, आतल्या बाजूला घागर ठेवली. वर डांगर. बाहेरून, जिन्यावर उभा राहून, त्यानं कुंकवात बोट बुडवलं.

टॉमी. एक बोट. घोटभर पाणी.

करीम. निताई. गणपत. भेरूसिंग. मुरुगन. बबन.

सात बोटं. "ल्या भो," तो म्हणाला. "पानी ल्या."

आपला हायवे कधी गप्प बसत नाही. सुरत-नागपूरच्या गाड्या रात्रभर चालतात, ते मी तीस वर्षं ऐकलंय. त्या वेळी बसला. एक गाडी नाही. कुत्रं नाही. किडासुद्धा नाही.

मग आत पाऊल वाजलं.

पुढून. उतारावरून माणूस जपून उतरतो, तसं. टाच आधी. मग दुसरं. मग त्याच्या मागे आणखी एक... आणखी एक... प्रेमराज मोजत होता. मोजू नये असं वाटत होतं, तरी मोजत होता. सात जण दारापाशी येऊन थांबले.

दिसत काही नव्हतं.

घागरीत पाणी हललं. घोट घेतल्याचा आवाज. एकाचा. मग दुसऱ्याचा. खूप तहानलेला माणूस पितो तसा, मध्ये श्वास न घेता...

पण तो बाप होता. त्यानं विचारलंच.

"मना गोकुळ तुमनामा शे का?"

...

"एक डाव सांगा. मी घर जाईसन सांगी देसू."

...

घोट थांबले.

आणि पट्टीवर, सातव्या बोटाच्या शेजारी, कुंकू उमटलं. ओलं. आधी ठिपका. मग तो ठिपका सरकू लागला. आतून बाहेर. हळूहळू. बोट दिसत नव्हतं, हात दिसत नव्हता, रेघ मात्र त्याच्या दिशेनं येत होती... येत होती... त्याच्या पायांपाशी, पट्टीच्या कडेला येऊन थांबली.

आठ.

मग एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, आणि हायवे पुन्हा सुरू झाला.

पोरांनो, पाणी हवं असेल तर तो तांब्या आहे तिथं.

सहा वाजता तो माझ्या ओट्यावर आला. सांगून झाल्यावर मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून तिथं घेऊन गेलो, कारण मला खरं वाटेना. घागर रिकामी होती. खाली पत्रा कोरडा. आणि पट्टीवर आठ बोटं. त्याची सात बाहेरून ओढलेली, म्हणजे कुंकू बाहेर दाट आणि आत विरत गेलेलं. आठवं उलटं. आत दाट, आणि टोक बाहेर, जिथं तो उभा होता तिकडं.

मी ते पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं. आणि मला अक्कल आली नाही. आज स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

घरी आलो. उंबरा धुतलेला, घागर भरलेली, दीपमालाचा भाऊ येऊन ओट्यावर बसलेला. प्रेमराजनं तीन बोटं ओढली. बाप, आई, भाऊ. चौथ्यांदा बोट कुंकवात बुडवलं, आणि तानुबाईनं त्याचं मनगट धरलं.

"नको," ती म्हणाली. एवढंच.

"माले सांगं त्यास्नी," तो विमानाच्या दिशेनं हात करून म्हणाला. "तो त्यास्नामा शे."

"मना पोऱ्या जित्ता शे!"

मनगट सुटेना. तेव्हा आतून दीपमाला आली. तिनं सासूचा हात धरून हळूच बाजूला घेतला. रडत नव्हती. म्हणाली, "आबा, लई टाका नाव. माले कयू द्या." एकदाचं कळू दे, एवढंच तिचं म्हणणं.

प्रेमराजनं नाव घेतलं. गोकुळ. चौथं बोट ओढलं. तानुबाई भिंतीला टेकून खाली बसली. दीपमालानं पदरानं कपाळ पुसलं, पोत काढून सासूच्या ओटीत ठेवली आणि भावाबरोबर गेली. अकराची गाडी होती, मीच सोडून आलो. आठ वर्षांत पहिल्यांदा तिनं मागे वळून दाराकडे पाहिलं नाही. तुळशीचं लग्न झाल्यावर तिचं दुसरं लग्न झालं. आता तिला दिवस गेलेत, असं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यावर तीनच बोटं होती. चौथं नव्हतं. प्रेमराज तानुबाईवर ओरडला, तूच पुसलंस. तिनं घागरीवर हात ठेवून शपथ घेतली. त्यानं मानलं नाही. मीही नाही मानलं. आईचं काळीज, पुसलं असेल, म्हटलं.

डिसेंबरात मदनलाल शेठचा फोन आला. दाराच्या चौकटीवरचा रंग टिकत नाही, फुगे येतात, एकदा हात मारून जा. दोन डिसेंबर, सोमवार, दुपारी चार वाजता, लख्ख उजेडात, हॉटेलात वीस माणसं जेवत असताना, प्रेमराज त्या दारातून पडला. सहा फूट उंची. सहा फुटांवरून माणूस मरत नाही. तो मेला.

मी धावत गेलो, तेव्हा तो जिन्याखाली होता. वर दाराची पट्टी दिसत होती. कुंकू केव्हाच धुतलं गेलं होतं, पण मला ती रेघ दिसली. आत दाट. टोक बाहेर. त्याच्याकडे दाखवणारी. त्यांनी उत्तर दिलंच नव्हतं त्याच्या प्रश्नाचं. त्यांना गोकुळ कोण, ते काय माहीत? त्यांना घागर भरणारा माहीत होता. आठवा मालक, आठवा माणूस. बोट गोकुळचं नव्हतं रे. ते प्रेमराजचं होतं.

आणि आम्ही त्या बोटावरून उंबऱ्यावर गोकुळचं नाव घेतलं.

जानेवारीत शेठनी विमान विकलं. सुरतच्या कुणाला तरी. हॉटेल आहे तिथंच राहिलं, मालक बदलला. तुम्ही आज पाहिलात तो केशरी रंग, तो नववा.

मग गोकुळचं काय, असं विचारतेस, पुनम?

ऐक. घरात आता पुरुष माणूस नाही, म्हणून आज सकाळी उंबरा मीच धरला. तानुबाईला विचारलं, गोकुळचं ओढू का? ती म्हणाली, त्याच्या बापानं घेतलंय नाव, आता मागे कसं घेता येईल. मी ओढलं. या बोटानं. वडील, आई, भाऊ, प्रेमराज, गोकुळ. पाच. कुंकू तेलात कालवलं होतं, सहज निघू नये म्हणून. मग समोर माझ्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलो. जेवलोही तिथंच. सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत त्या उंबऱ्यावरून नजर काढली नाही. कोणी आलं नाही. तानुबाई आत खाटेवर पडून होती, मला दिसत होती.

दिवा लावायला ती उठली, तेव्हा मी गल्ली ओलांडून गेलो.

चार बोटं होती.

पाचव्याच्या, गोकुळच्या जागी दगड ओला होता. तळहातानं पुसावं तसा ओला, आणि पुसल्याचा ओघळ आत नव्हता, बाहेर होता. पायरीवर. पायरीखाली काही नाही. धुळीत पाऊल नाही.

मेला असता तर पाणी घेतलं असतं त्यानं. जिवंत असता तर दार वाजवलं असतं. मी उंबऱ्यात उभा राहून हाक मारणार होतो. पण हाक मारून सांगणार काय? की तुझा बाप गेला, तुझी बायको दुसऱ्याच्या घरी गेली, आणि हे सगळं आम्हीच केलं?

तानुबाईनं दिवा उंबऱ्यावर ठेवला आणि तिथंच बसली. दार लावत नाही ती. उठा, कठड्यावरून पाहा, गल्लीत उजेड दिसतोय ना... तो तिचाच. आणि त्या दिव्याच्या बाहेरच्या बाजूला, पायरीवर, मघापासून दगड वाळत नाहीये.